यंत्रांचे वंगण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत आणि शिवकालीन दुर्ग अशा विषयांच्या पंक्तीला वंगणासारखा काळा, चिकट विषय बसविण्याचे धाडस आपल्या सचिवांनी केले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. निमंत्रण घेऊन ते घरी आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अहो, लोक उठून जातील." त्यावर ते म्हणाले, "या गावातली निम्मी मराठी घरे कारखान्यामुळे इथे आली. पन्नास वर्षांत आपण कारखान्यावर एकही व्याख्यान ठेवले नाही, हे बरे दिसत नाही." त्यांचे म्हणणे मला पटले. आपण इथे गणपती बसविला, ग्रंथालय उभे केले, मुलांना पाढे मराठीतून शिकविले. परंतु ज्या भोंग्यावर आपल्या घरातील घड्याळे लागत, त्या भोंग्याच्या पलीकडे काय चालते हे घरातल्या माणसांना कधी सांगितले नाही. ती उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच आजचा हेतू.

मी १९७७ साली पदवी घेऊन पूर्वेकडील एका पोलाद कारखान्यात रुजू झालो. मनात आराखडा विभाग होता. हाती आला वंगण विभाग. घरी पत्राने कळविले तेव्हा वडिलांनी उलट टपाली विचारले की, या विभागात नेमके काय करतात? मी प्रामाणिकपणे लिहिले, "यंत्रांना तेल घालतात." त्या पत्राच्या तळाशी आईने दोन ओळी लिहून पाठविल्या होत्या. त्यांचा आशय असा की, यंत्राला तेल घालायला इंजिनिअर कशाला व्हावे लागते? आईच्या या प्रश्नाचे उत्तर देण्यात माझी छत्तीस वर्षांची नोकरी खर्ची पडली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वस्तुतः वंगण आपल्याला नवे नाही. आमच्या खानदेशातील गावी बैलगाडीच्या खाली बांबूची एक नळी टांगलेली असे. तीत एरंडेल आणि एक चिंधी. लांबच्या बाजाराला निघण्यापूर्वी गडी चाक थोडे बाहेर ओढी, आखावरचे जुने काळे वंगण चिंधीने निपटून काढी आणि मगच नवे लावी. जुने पुसल्याशिवाय नवे लावलेले आजोबांना खपत नसे. लहानपणी मला ही उगाच काटकसर किंवा सोवळेपणा वाटे. पुढे कारखान्यात कळले की, त्या काळ्या लगद्यात रस्त्याची धूळ आणि आखाचा झिजलेला चुरा असतो. नव्या तेलात तो मिसळला की वंगणाऐवजी पॉलिशकागदाचे काम करतो. एरंडेलाचा मानही काही केवळ बैलगाडीपुरता नव्हता. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच वापरीत, आणि आज सर्वत्र दिसणाऱ्या कॅस्ट्रॉल या नावाचा उगम १९०९ साली एरंडेलाच्याच इंग्रजी नावातून झाला.

आता तेल नेमके करते काय? पुष्कळांची समजूत अशी की, तेल पृष्ठभागाला गुळगुळीत करते. ही समजूत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांचीही होती. १८८३ साली लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बोशँप टॉवर नावाचा एक इंजिनिअर रेल्वेच्या डब्याच्या आसासारख्या आसावर प्रयोग करीत होता. आसावर पितळी टोपणासारखे बेअरिंग, त्यावर भार, आणि खालून आस तेलात बुडालेला. तेल घालण्याची सोय करावी म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकून निघून आली. तेव्हा टॉवरने तेथे दाबमापक बसविला, आणि बेअरिंगवरील सरासरी भारदाबाच्या दुपटीहून अधिक दाब त्या तेलात आढळला. म्हणजे आस धातूवर टेकलेलाच नव्हता. तो तेलावर तरंगत होता.

त्याची मीमांसा ऑस्बर्न रेनल्ड्स याने १८८६ साली गणिताने केली. फिरणारा आस चिकट तेलाला आपल्याबरोबर ओढतो. पुढे फट अरुंद होत जाते. त्या अरुंद जागेत तेलाची पाचर घुसते आणि आसाला उचलून धरते. पावसाळ्यात भर वेगात असलेल्या मोटारीची चाके रस्त्यावरील पाण्याच्या थरावर चढतात आणि मग ब्रेकला जुमानत नाहीत, हे आपणांपैकी काहींनी अनुभवले असेल. रस्त्यावर जी आपत्ती, तीच बेअरिंगमध्ये वरदान ठरते. शेकडो टनांचा भार या पाचरीवर तोलला जातो. पत्रा लाटणाऱ्या गिरणीतील अजस्र रूळ ज्या बेअरिंगांत फिरतात, ती बेअरिंगे याच तत्त्वावर चालतात.

परंतु या पाचरीच्या काही अटी आहेत. वेग नसेल तर पाचर नाही. म्हणून यंत्र सुरू होताना आणि थांबताना झीज सर्वांत अधिक होते, आणि वीजकेंद्रातील मोठी टर्बाइने फिरविण्यापूर्वी वेगळ्या पंपाने दाबाचे तेल सोडून त्यांचा आस अलगद उचलून घेतात. दुसरी अट तेलाच्या दाटपणाची. शास्त्रीय परिभाषेत श्यानतेची. भार मोठा आणि गती मंद, तर तेल दाट हवे. गती जलद आणि भार हलका, तर पातळ. पिंपावर ४६, ६८, २२०, ३२० असे जे आकडे छापलेले असतात, ते ४० अंश सेल्सिअस तापमानाला असणारी श्यानता सांगतात. हे आकडे म्हणजे तेलाची प्रत नव्हे. "३२० आहे, म्हणजे ६८ पेक्षा भारी असणार," असे समजून जलद पंपात दाट तेल ओतणारे पर्यवेक्षक मी पाहिले आहेत. पंप तापतो, तेल करपते, आणि दोष पंपाच्या कंपनीवर येतो.

ग्रीसविषयी तर याहून अधिक गैरसमज आहेत. ग्रीस म्हणजे दाट तेल नव्हे. साबणाच्या सूक्ष्म जाळीत धरून ठेवलेले ते तेलच असते. स्पंजात पाणी धरावे तसे. काम तेल करते, जाळी त्याला जागेवर ठेवते आणि लागेल तसे थोडे थोडे सोडते. हा साबण लिथियमचा असेल, कॅल्शियमचा असेल. काही ग्रीसांत साबणाऐवजी विशिष्ट माती किंवा पॉलियुरिया असतो. या सर्वांचे परस्परांशी जुळतेच असे नाही. लिथियमच्या ग्रीसमध्ये मातीचे ग्रीस मिसळले की जाळी मोडू शकते आणि सारे पातळ होऊन सीलमधून वाहून जाते. दोन्ही उत्तम, दोन्ही महाग, आणि एकत्र आल्यावर दोन्ही निकामी. रंगावरून ग्रीस ओळखू नये हेही इथेच सांगून ठेवतो. रंग हा उत्पादकाच्या मर्जीचा भाग असतो.

आता ज्या प्रसंगामुळे मी या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागलो, तो सांगतो. तो माझ्या दृष्टीने भूषणावह नाही.

साल १९८१. मी चार वर्षांचा अनुभवी, आणि म्हणून सर्वज्ञ. आमच्याकडे थंड पाण्याच्या पंपांना जोडलेल्या विद्युत मोटारी होत्या. त्यांची बेअरिंगे वर्षातून दोनतीनदा जात. मी तक्ते तपासले आणि निष्कर्ष काढला की, ग्रीस कमी पडते आहे. मग मी लेखी आदेश काढला: प्रत्येक बेअरिंगला दर पंधरवड्याला ग्रीसगनचे चाळीस दट्टे.

हे काम ज्यांच्याकडे होते ते आमचे ऑइलमन. वय पन्नाशी उलटलेले. सारा विभाग त्यांना 'दादा' म्हणे. शाळेत ते फारसे गेलेले नव्हते. सकाळी कामावर आले की ते प्रथम प्रत्येक मोटारीपाशी उभे राहत. एक लाकडी दांडी बेअरिंगच्या घरावर टेकवून दुसरे टोक कानाला लावीत. मग तळहात टेकवून मनात अंक मोजीत. साठ अंशांच्या वर धातू गेला की माणसाला हात फार वेळ ठेवता येत नाही. दादांचा थर्मामीटर तोच. त्यानंतर ग्रीसचे तोंड, म्हणजे निपल, स्वच्छ फडक्याने पुसावयाचे, खालचे निचऱ्याचे बूच काढावयाचे, आणि मोटार चालू असतानाच हळूहळू ग्रीस द्यावयाचे. जुने ग्रीस खालून डोकावले की थांबावयाचे. बूच लगेच लावीत नसत. जादा ग्रीस बाहेर पडू देत आणि परत येताना लावीत.

माझा कागद वाचून दाखविल्यावर दादा म्हणाले, "साहेब, हिचे पोट भरलेले आहे. आणखी कशाला?" मी त्यांना सांगितले की, उपाशी यंत्रापेक्षा पोट भरलेले यंत्र बरे. वाक्य मला फार आवडले होते. आदेश झाला म्हटल्यावर त्यांनी चाळीस दट्टे दिले. चाळीस दट्ट्यांसाठी निचऱ्याचे बूच पुरेसा वेळ उघडे ठेवण्याइतकी सवड वेळापत्रकात मी ठेवलेली नव्हती.

दीड महिन्याने, ऐन पावसाळ्यात, त्यांतील एक बेअरिंग धरले आणि मोटार जळाली. राखीव मोटार दुरुस्तीला गेलेली होती. गिरणी अकरा तास बंद राहिली. चौकशी बसली. बेअरिंग उघडले तेव्हा आत तेलाचा अंश नव्हता. तपकिरी, कोरडी, खरपुडीसारखी पापडी तेवढी चिकटलेली. समितीने ती पाहिली आणि निदान केले: अपुरे वंगण. ऑइलमनने कामात हयगय केली. दादांची एक वार्षिक वेतनवाढ रोखली गेली. नोंदवहीत चाळीस दट्टे लिहिलेले होते. परंतु लिहिणे आणि देणे निराळे, असे समितीचे मत पडले.

मी त्या खोलीत बसलो होतो. माझा आदेश फाइलमध्ये होता. मला कोणी विचारले नाही, आणि मी बोललो नाही. त्या वेळी कारण काय हे मला निश्चित ठाऊक नव्हते, असे मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितले. ते पूर्ण खरे नाही. दादांचे शब्द मला त्या खोलीत आठवत होते.

तीन आठवड्यांनी शेजारची मोटार देखभालीसाठी उघडली. बेअरिंगचे घर ग्रीसने काठोकाठ, कोंबून भरलेले. आतले टोपण ओलांडून ते मोटारीच्या गुंडाळ्यांवर गेले होते. तेव्हा सगळा उलगडा झाला. बेअरिंगमधील गोळ्यांना फिरावयाला मोकळी जागा लागते. घराचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग भरला की पुरे. काठोकाठ भरले की गोळ्या ग्रीस घुसळीत राहतात. घुसळण्याने उष्णता वाढते, उष्णतेने जाळीतले तेल निथळून जाते, आणि मागे उरते ती नुसत्या साबणाची कोरडी पापडी. म्हणजे अति खाऊ घातलेले बेअरिंग मेल्यावर हुबेहूब उपासमारीने मेल्यासारखे दिसते. समितीने प्रेत पाहिले, पण मरणाचे कारण उलटे लिहिले. शिवाय हाताच्या ग्रीसगनने शेकडो किलोंचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सहज निर्माण होतो. बेअरिंगचे नाजूक सील त्यापुढे काय टिकणार?

मग मी, जे आधी करावयास हवे होते ते केले. बेअरिंग ६३१२ क्रमांकाचे. बाहेरील व्यास १३० मिलिमीटर, रुंदी ३१ मिलिमीटर. व्यास आणि रुंदी यांचा गुणाकार करून त्याला ०.००५ ने गुणले की एका वेळी द्यावयाच्या ग्रीसचे ग्रॅम येतात, असा बेअरिंग-उत्पादकांचा सोपा नियम आहे. उत्तर येते सुमारे वीस ग्रॅम. ग्रीसगन घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि दहा दट्टे काट्यावर तोलले: तेरा ग्रॅम. म्हणजे वीस ग्रॅमला पंधरा दट्टे. मी सांगितले होते चाळीस, म्हणजे बावन्न ग्रॅम. आणि तेही पंधरा दिवसांनी, जेथे उत्पादकाच्या कोष्टकाप्रमाणे काही महिन्यांचे अंतर चालले असते. बेअरिंगचे तापमान सत्तर अंशांच्या वर दर पंधरा अंशांनी चढले की हे अंतर निम्मे करावे लागते, हे खरे. पण आमची मोटार तापत होती ती माझ्याच ग्रीसने. एक ग्रीसगन आणि दुसरी ग्रीसगन यांचा दट्टाही सारखा नसतो. चार वर्षे मी 'दट्टे' लिहीत आलो होतो आणि एका दट्ट्यात किती ग्रीस येते हे मला माहीत नव्हते. दादांना ग्रॅम ठाऊक नव्हते, पण खालच्या बुचातून डोकावणारे जुने ग्रीस ठाऊक होते.

हे सर्व आकडे मांडून मी टिपण लिहिले, आदेश माझा होता हेही लिहिले. काही आठवड्यांनी उत्तर आले: प्रकरण निकाली निघाले आहे. मी दोनदा स्मरणपत्र दिले. रोखलेली वेतनवाढ दादांना मिळाली नाही. पुढे ते निवृत्त झाले तेव्हा तिचा परिणाम त्यांच्या देण्यांवर किती झाला, याचा हिशेब मी करून पाहिला होता. तो आकडा मी इथे सांगत नाही. त्यांनी मला या विषयावर कधी एक शब्द विचारला नाही. टिपणाची प्रत दाखविली तेव्हा एवढेच म्हणाले, "साहेब, आता पंधराच ना?"

त्या वर्षापासून मी वंगणाचे काम दादांच्या पाठीमागून फिरून नव्याने शिकलो. पहिला धडा मिळाला तो तेलाच्या कोठारात. आमची २१० लिटरची पिंपे उघड्यावर उभी ठेवलेली असत. बूच घट्ट आहे, मग पाऊस पडला तर काय बिघडते, असा सर्वांचा युक्तिवाद. परंतु उभ्या पिंपाच्या माथ्यावर, काठाच्या आत, पावसाचे पाणी साचते. दुपारच्या उन्हाने आतली हवा फुगून बाहेर निसटते. रात्री पिंप गार होते, आत हवेचा संकोच होतो, आणि बुचाच्या आट्यांतून ते साचलेले पाणी आत ओढले जाते. पिंप अक्षरशः श्वासोच्छ्वास करते. चार महिन्यांच्या पावसाळ्यात न उघडलेल्या, नव्या कोऱ्या पिंपात पाणी सापडते ते असे. उपाय बिनखर्चाचा आहे: पिंपे छपराखाली ठेवावीत, आणि जागाच नसेल तर आडवी, दोन्ही बुचे घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी येतील अशी. म्हणजे बुचे आतून तेलाने झाकलेली राहतात, हवा ओढली जात नाही.

तेलात पाणी आहे की नाही हे पाहण्याची एक रीत उपस्थित भगिनींना लगेच पटेल. तापलेल्या तव्यावर त्या तेलाचा थेंब टाकावा. पाणी असेल तर तो तडतडतो. यालाच उद्योगातही अधिकृत चाचणी म्हणून मान आहे. आम्ही तवा न म्हणता तापपट्टी म्हणतो, आणि डोळ्यांना चष्मा लावतो. पाणी फार झाले तर तेल दुधाळ दिसते. पण दुधाळ दिसण्यापूर्वीच त्याने बेअरिंगचे आयुष्य खाल्लेले असते.

दुसरा शत्रू धूळ. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. चाळीस मायक्रॉनांहून बारीक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये गोळी आणि कडे यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो बहुधा एका मायक्रॉनच्याही आत. म्हणजे यंत्राला मारणारी धूळ आपल्याला दिसतच नाही. तेल हातात घेऊन "स्वच्छ आहे" म्हणणे व्यर्थ. नवे तेलही गाळूनच टाकीत घालावे, कारण पिंपातले नवे तेल सूक्ष्म यंत्रांच्या मानाने स्वच्छ नसते. आमच्याकडे तेल ओतण्यासाठी तोंड उघडे असलेले डबे वापरीत आणि ते डबे रात्री सिमेंटच्या जमिनीवर पडलेले असत. दादांचा डबा मात्र झाकणाचा होता, आणि तो ते कपाटात कुलूप लावून ठेवीत. आम्ही त्यांची थट्टा करीत असू.

तिसरा शत्रू उष्णता. स्थूल नियम असा की, तेलाचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. टाकीवर चार बोटे धूळ साचू दिली तर ती गोधडीचे काम करते आणि तेल आतल्या आत शिजते. टाकी पुसणे हे सौंदर्याचे काम नव्हे.

तेलाच्या नमुन्याबद्दलही सांगावयास हवे. शरीरातील रक्ताप्रमाणे यंत्रातील तेल तपासता येते. त्यात लोखंड किती, तांबे किती, सिलिकॉन किती हे दशलक्षांशांत कळते. लोखंड चढले तर दाता किंवा बेअरिंग झिजते आहे, सिलिकॉन चढले तर धूळ शिरते आहे. मात्र नमुना यंत्र चालू असताना आणि वाहत्या तेलातून घ्यावा. टाकीच्या तळाच्या तोटीतून काढलेला नमुना तळातल्या गाळाचे वर्णन करतो, यंत्राच्या प्रकृतीचे नव्हे. आणि एका नमुन्यावरून काही ठरवू नये. दर महिन्याच्या आकड्यांची रेषा पाहावी. प्रयोगशाळेतून आलेले अहवाल न वाचता फाइलला लावणारे कारखाने मी पाहिले आहेत, त्यांपैकी एकात मी काम केले.

या सर्व शास्त्राला १९६६ साली एक भारदस्त नाव मिळाले. इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला की, घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले तर त्या देशाच्या उद्योगांची वर्षाला ५१५ दशलक्ष पौंडांची बचत होईल. घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी 'ट्रायबॉलॉजी' हा शब्द रूढ केला. आपण घर्षणशास्त्र म्हणू. नावामुळे विषयाला विद्यापीठात खुर्ची मिळाली, हे चांगले झाले. पण कारखान्यात तेलाचा डबा ज्याच्या हाती असतो, त्याला खुर्ची सोडाच, बाकही मिळाला नाही. ज्याला दुसरे काही येत नाही त्याला तेलावर ठेवा, हा आमच्या काळचा प्रघात होता. एकेका मोटारीची किंमत त्याच्या कित्येक वर्षांच्या पगाराइतकी, आणि तिचे आयुष्य त्याच्या फडक्याच्या स्वच्छतेवर अवलंबून.

आता ऑइलमन हे पदच पुष्कळ ठिकाणी उरलेले नाही. काही काम स्वयंचलित वंगणयंत्रणा करते, काही कंत्राटी मजूर करतात. बेअरिंगवर तापमानाची आणि कंपनांची संवेदके बसतात; कानाला न ऐकू येणारा आवाज टिपणारे उपकरण ग्रीसगनलाच जोडता येते, आणि आवाज उतरला की ग्रीस थांबवावयाचे. हे उपकरण प्रथम हातात घेतले तेव्हा मला दादांची लाकडी दांडी आठवली. मी जुन्याचा वृथा अभिमानी नाही. उपकरण दादांच्या कानापेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहे. मात्र स्वयंचलित यंत्रणेची नळी मध्येच तुंबली तर ती पलीकडे बेअरिंग उपाशी ठेवून इकडे टाकीतली पातळी तशीच दाखवीत राहते. पातळी उतरत नाही, हे कुणीतरी पाहावे लागते. आणि पाहणारा आज या यंत्रावर, उद्या त्या यंत्रावर असा फिरता कंत्राटी असेल, तर काल पातळी कुठे होती हे त्याला कळावे कसे? माझ्या मते एका माणसाकडे ठरावीक यंत्रे वर्षानुवर्षे असावीत, आणि त्याचे म्हणणे लिहून घेण्याची व्यवस्था असावी. नव्या व्यवस्थापकांना हे महाग वाटते. अकरा तास बंद गिरणी किती महाग, ते मी पाहिले आहे.

सचिव घड्याळाकडे पाहत आहेत. घरगुती प्रश्न चिठ्ठ्यांवर आले आहेत, त्यांतील दोनांची उत्तरे देतो. पहिला शिवणयंत्राचा. कृपा करून त्यात खोबरेल घालू नका. आमच्या आईने आयुष्यभर घातले. तिकडे खानदेशात ते खपून गेले. इथल्या थंडीत ते चोवीस अंशांच्या खाली थिजते आणि यंत्र जाम होते. गोडे तेलही नको. हवेने त्याचा चिकट डिंक बनतो. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल स्वतंत्र मिळते, त्याचे दोनचार थेंब पुरेत, आणि नंतर एखाद्या चिंधीवर दहाबारा टाके घालावेत, नाहीतर नव्या खणाला डाग पडेल. दुसरा प्रश्न छताच्या पंख्याचा. आजच्या बहुतेक पंख्यांची बेअरिंगे कारखान्यातूनच ग्रीस भरून बंद केलेली असतात. वरून तेल सोडून त्यांना काही लाभ नाही. आवाज येत असेल तर बेअरिंग बदलावे.

आणि अंगणातील आपला झोपाळा. दर कोजागिरीला त्याच्या कड्यांचे कुरकुरणे ऐकत आपण दूध पितो. मागच्या वर्षी कुणीतरी त्यांवर शिवणयंत्राचे पातळ तेल सोडले होते. चार दिवसांत ते ओघळून गेले. मंद गती आणि मोठा भार. तेथे ग्रीसच हवे. मी छोटी डबी आणि जुने धोतर फाडून फडकी आणली आहेत. चहा झाल्यावर तरुणांपैकी दोघांनी शिडी धरावी. कड्यांवरचा जुना काळा थर आधी पूर्ण पुसून काढू, मग नवे लावू. बोटाच्या पेराएवढे पुरेल.